कशावरून? : ब्योमकेशच्या गोष्टी पुन्हा ऐकताना

 

आज मी रहस्यकथांबद्दल बोलणार आहे. खून, चोरी, हरवलेला हिरा, बंद खोलीत सापडलेलं प्रेत, असल्या गोष्टी. तुम्ही म्हणाल, बाई, कर्जाच्या हप्त्याचं सांगा, एखाद्या योजनेचं सांगा, हे काय काढलं मधातच? पण थोडं ऐकून घ्या. माझं म्हणणं असं आहे, की एकदा ऐकलेली रहस्यकथा दुसऱ्यांदा ऐकली, तर आपला संशय कसा धावतो आणि कोणाच्या दारात जाऊन उभा राहतो, ते आपल्याला समजतं. आणि संशय काही गोष्टीच्या पुस्तकातच राहत नाही. तो आपल्या गल्लीत असतो, गटाच्या बैठकीत असतो, सासू-सुनेच्या स्वयंपाकघरातही असतो.

आता दुसऱ्यांदा ऐकणं म्हणजे काय, ते सांगते. अलीकडे फोनवर बोलकी पुस्तकं मिळतात. त्यांना ऑडिओबुक म्हणतात. कोणीतरी चांगल्या आवाजाचा माणूस पूर्ण पुस्तक वाचून दाखवतो आणि आपण ऐकायचं. नाव नवीन आहे, पण रीत आपल्या घरातली आहे. श्रावणात पोथी लावतात तेव्हा एक जण वाचते आणि दहा जणी ऐकतात. त्या दहांतल्या कितीतरी जणींना अक्षर ओळखता येत नव्हतं, तरी पुढच्या अध्यायात काय येणार ते त्यांना तोंडपाठ असायचं. पुस्तक कानाने वाचणं आपल्या आज्यांना पक्कं ठाऊक होतं.

आपल्यासारख्यांना त्याचा फायदाही मोठा आहे. चौथीत शाळा सुटलेली बाई जाडं पुस्तक हातात धरायला कचरते. चाळिशी लागली की बारीक अक्षर दिसत नाही. आणि खरी अडचण वेळेची. बाई पुस्तक घेऊन बसली की घरात कोणाला तरी पाणी लागतं, कोणाला तरी चहा लागतो. ऐकताना मात्र हात मोकळे असतात. तुरीच्या शेंगा सोलता सोलता, डाळ निवडता निवडता, भाकरी थापता थापता गोष्ट पुढे सरकते. आमच्या गटातल्या दोन बाया तर पराटीच्या तासात कापूस वेचताना एकाच फोनवर गोष्ट लावतात. एकीच्या ओटीत फोन आणि दुसरी तिच्या बाजूच्या तासात. फक्त एक सांभाळा. सडकेने चालताना, थ्रेशरजवळ किंवा कडबा कटरजवळ काम करताना कानात काही घालू नका. तिथे कान कामालाच लागतात.

रहस्यकथा आपल्या मराठीत काही कमी नाहीत. बाबूराव अर्नाळकरांनी एकट्याने हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि छोटू ही त्यांची माणसं एका पिढीला घरच्यासारखी होती. पण ती पुस्तकं वाचनालयातून यायची ती बहुतेक घरातल्या पुरुषांसाठी. बाईने वाचली तर ती उशीखाली ठेवून. रेडिओ त्या मानाने उदार होता. विविध भारतीवर हवामहल लागायचं, इन्स्पेक्टर ईगल लागायचा, आणि चुलीपाशी बसलेल्या बाईच्या कानावरही तो तितकाच पडायचा जितका ओसरीवरच्या माणसांच्या.

मग १९९३ साली दूरदर्शनवर ब्योमकेश बक्षी आला. ज्यांचं वय आज पंचेचाळीसच्या पुढे आहे, त्यांना आठवत असेल. धोतर-कुर्ता घातलेला, शांत डोळ्यांचा तो बंगाली माणूस. दिग्दर्शक बासू चॅटर्जी, ब्योमकेश झाले होते रजित कपूर आणि त्याचा लेखक मित्र अजित झाले होते के. के. रैना. ब्योमकेशची बायको सत्यवती झाली होती आपली मराठी सुकन्या कुलकर्णी, तीच जी पुढे ‘आभाळमाया’ मालिकेमुळे घरोघरी पोचली. १९९७ मध्ये मालिकेचा दुसरा भाग आला. आणि २०२० च्या टाळेबंदीत, सगळे घरात कोंडलेले असताना, दूरदर्शनने रामायणासोबत ब्योमकेशही पुन्हा दाखवला. आमच्याकडे पुन्हा ऐकायची गोडी तिथूनच लागली. नंतर याच गोष्टी आम्ही फोनवर हिंदीतून ऐकायला लागलो. बंगालीत तर कोलकात्याच्या रेडिओवर ‘संडे सस्पेन्स’ नावाचा कार्यक्रम २००९ पासून आहे, त्यातही या गोष्टी नाट्य करून ऐकवल्या गेल्या आहेत.

या गोष्टी लिहिणारा माणूस कोण होता, हे ऐकून तुम्हाला नवल वाटेल. शरदिंदू बंद्योपाध्याय त्यांचं नाव. जन्म १८९९ चा. पहिली ब्योमकेश कथा त्यांनी १९३२ मध्ये लिहिली. दहाएक गोष्टी झाल्यावर त्यांनी ब्योमकेशला बाजूला ठेवलं. १९३८ मध्ये ते मुंबईला बॉम्बे टॉकीजमध्ये सिनेमाच्या कथा लिहायला आले. जवळपास पंधरा वर्षं ब्योमकेश गप्प होता. वाचकांनी मात्र त्याला विसरायचं नाकारलं आणि शेवटी शरदिंदूंना त्याला परत आणावं लागलं. १९५२ मध्ये ते पुण्याला राहायला गेले आणि नंतरच्या कितीतरी ब्योमकेश कथा त्यांनी पुण्यात बसून लिहिल्या. म्हणजे गोष्ट कलकत्त्याची, भाषा बंगाली आणि लिहिणाऱ्याच्या खिडकीबाहेर महाराष्ट्र. एवढंच नाही. शिवरायांच्या सैन्यात दाखल झालेल्या सदाशिव नावाच्या पोराच्या गोष्टींची एक मालिकाही त्यांनी बंगाली मुलांसाठी लिहिली. १९७० मध्ये ते गेले तेव्हा ब्योमकेशच्या बत्तीस गोष्टी पूर्ण झाल्या होत्या आणि तेहतिसावी अर्धी राहिली होती.

लिहिल्या तेव्हा या गोष्टी त्या काळातल्या ताज्या होत्या. आज ऐकताना त्या इतिहास झाल्या आहेत. एका गोष्टीत ग्रामोफोनच्या पिनेने खून होतात. आमच्या गटातल्या एका सुनेने विचारलं, ग्रामोफोनची पिन म्हणजे काय वं? मग एका आजीने तबकडी कशी फिरायची, तिच्यावर ती सुईसारखी पोलादी पिन कशी टेकायची, हे हाताने दाखवून सांगितलं. त्या दिवशी गोष्ट अर्धा तास थांबली, पण कोणाची तक्रार नव्हती. दुसऱ्या एका गोष्टीमागे १९४६ चे कलकत्त्याचे दंगे आहेत. तारा, टपाल, भाड्याच्या खोल्यांत दाटीवाटीने राहणारे कारकून, कोकेनचा चोरटा धंदा, सगळं त्यात आहे. इतिहासाच्या पुस्तकात सनावळ्या असतात. इथे त्या काळातला साधा माणूस काय खात होता, भाडं कसं भरत होता आणि कोणाला घाबरत होता, ते ऐकू येतं.

ग्रामोफोनच्या पिनेची ती गोष्ट मी तुम्हाला फोडून सांगणार नाही. एवढंच सांगते, ती ऐकताना कान उघडे ठेवा. भर रस्त्यात माणूस कोसळतो आणि बंदुकीचा आवाज कोणालाच आलेला नसतो. मग आवाज आला तर कशाचा? ही गोष्ट टीव्हीवर पाहण्यापेक्षा कानाने ऐकण्यातच खरी मजा आहे.

एक गोष्ट मात्र आज पूर्ण उघडून सांगते, कारण माझा मुद्दा त्याशिवाय कळणार नाही. ज्यांना पहिल्यांदा ऐकायची आहे त्यांनी दोन मिनिटं चहा ठेवायला गेलात तरी चालेल. गोष्टीचं नाव ‘सत्यान्वेषी’, म्हणजे सत्य शोधणारा. ब्योमकेशला डिटेक्टिव्ह म्हटलेलं आवडत नाही, तो स्वतःला सत्यान्वेषी म्हणवतो.

कलकत्त्याच्या एका वस्तीत लागोपाठ खून होत आहेत. तिथे एक मेस आहे. मेस म्हणजे खानावळीसकट भाड्याच्या खोल्या. खाली अनुकूलबाबू नावाचे होमिओपॅथी डॉक्टर राहतात, मेसही तेच चालवतात. मोठे मनमिळाऊ, गोरगरिबांना औषध देणारे, सगळ्यांची विचारपूस करणारे. वर भाडेकरू. एक दिवस अतुल नावाचा तरुण खोली शोधत येतो. नोकरी नाही, ओळख नाही. जागा नाही म्हटल्यावर अजित त्याला आपल्या खोलीत घेतो. काही दिवसांनी मेसमधल्याच अश्विनीबाबूंचा गळा चिरून खून होतो. आदल्या रात्री ते डॉक्टरांशी काहीतरी बोलायला गेलेले असतात. पोलीस येतात आणि पकडतात कोणाला? अतुलला. कारण तो नवा आहे आणि आपली खरी ओळख लपवतो आहे.

पहिल्यांदा ऐकताना आमच्या गटातल्या बऱ्याच जणींचं बोट अतुलवरच होतं. “बिनकामाचा पोरगा, कुठून आला, काऊन आला, कोणाला माहीत नाई,” असं एक काकू म्हणाल्या. काहींचा संशय दुसऱ्या एका भाडेकरूवर होता. डॉक्टरवर कोणाचाच नव्हता. शेवटी कळतं की अतुल म्हणजेच ब्योमकेश आणि त्या वस्तीतला कोकेनचा धंदा करणारा, खून करणारा माणूस म्हणजे तो प्रेमळ डॉक्टर. “माय वं, हा डाक्टरच निंगला!” म्हणून सगळ्या जणी हातातलं काम टाकून बसल्या होत्या.

महिनाभराने आम्ही तीच गोष्ट पुन्हा लावली. आता उत्तर माहीत होतं. कोणी म्हणालं, आता काय मजा? पण दुसऱ्या वेळी जे ऐकू आलं ते पहिल्या वेळी कोणाच्याच कानात शिरलं नव्हतं. डॉक्टर सगळ्यांची विचारपूस करतो. पहिल्यांदा ती माया वाटली होती, दुसऱ्यांदा ती पाळत वाटली. कोण किती वाजता आलं, कोणी काय पाहिलं, हे त्याला कायम जाणून घ्यायचं असतं. रात्री अश्विनीबाबू त्याच्याकडे गेले होते, हेही गोष्टीत साफ सांगितलेलं आहे. लेखकाने काहीच लपवलं नव्हतं. सगळी चिन्हं आपल्या पुढ्यात ठेवली होती. आपणच ती उचलली नाहीत, कारण डॉक्टर चांगला माणूस आहे हे आपण आधीच ठरवून टाकलं होतं. आणि अतुलच्या विरुद्ध काय होतं? तो नवा होता, गरीब होता, त्याच्या मागे कोणी नव्हतं. एवढंच. हा काही पुरावा होत नाही.

आवाजाचीही एक गंमत दुसऱ्या वेळी कळते. टीव्हीवर चेहरा दिसतो, कपडे दिसतात, तिथे आपण चेहऱ्यावरून ठरवतो. बोलक्या पुस्तकात चेहरा नसतो, मग आपण आवाजावरून ठरवायला लागतो. राकट आवाजाचा तो चोर आणि गोड आवाजाचा तो सज्जन. वाचणाऱ्यालाही हे माहीत असतं, तो डॉक्टरचा आवाज मुद्दाम मऊ लावतो. म्हणून दुसऱ्यांदा ऐकताना मी सगळ्यांना एकच काम सांगते. पहिल्या वेळी तुमचा संशय कोणावर होता ते आठवा, आणि तो कशावरून आला होता ते सांगा. कशावरून? हा एकच प्रश्न.

आता हे आपल्या गावात आणते.

बचत गटांचे हिशोब तपासायला मी मदत करते, त्यामुळे बऱ्याच गावांत जाणं होतं. एका गावात अकरा बायांचा गट. वर्षाअखेरी वही जुळवताना अकराशे रुपये कमी निघाले. रक्कम कोणाला लहान वाटेल, पण बैठकीत सगळ्या चूप झाल्या. मग कुजबुज सुरू झाली. पेटी ज्या बाईकडे होती तिच्या घरी त्याच महिन्यात नवा मिक्सर आला होता. नवरा दारूडा, घरात कमावणारी ती एकटी. झालं, उत्तर मिळालं. तोंडावर कोणी काही म्हणालं नाही, पण तिच्या शेजारी बसायला कोणी तयार नव्हतं. ती पुढच्या दोन बैठकांना आलीच नाही. आणि ती आली नाही हाच पुन्हा तिच्या विरुद्ध पुरावा झाला. “चोराच्या मनात चांदणं” म्हणतात ना, तसं.

मला बोलावलं तेव्हा मी सचिवताईंना म्हटलं, संशय राहू द्या बाजूला, आधी वही काढा. आम्ही तीन जणी बसलो. एकेक महिना, एकेक पान. बचत किती आली, हप्ता किती आला, हजेरीत सह्या किती. पोळ्याच्या आठवड्यात येऊन थांबलो. त्या बैठकीची अकरा जणींची शंभर-शंभर रुपये बचत वहीत जमा होती. पण त्याच तारखेला हजेरीच्या पानावर एकही सही नव्हती. विचारलं तेव्हा सगळ्यांना आठवलं, पोळ्यामुळे त्या आठवड्यात बैठक झालीच नव्हती. बचत येणारच म्हणून कोणीतरी आधीच लिहून ठेवली आणि नंतर ती खोडायची राहून गेली. अकराशे रुपये चोरीला गेले नव्हते. ते कधी गोळाच झाले नव्हते. चिन्ह सगळ्यांच्या समोर होतं, एक कोरं पान. पण मिक्सर दिसला आणि कोरं पान दिसलं नाही.

गटाने तिच्या घरी जाऊन माफी मागितली, ठरावाच्या वहीत तसं लिहिलं. ती परत आली. पण पेटीची किल्ली तिने पुन्हा हातात घेतली नाही. देऊ केली तेव्हा तिने नुसती मान हलवली. मैत्रिणींनो, वही दोन तासांत दुरुस्त झाली, पण त्या बाईचं मन अजून दुरुस्त झालेलं नाही. पंचसूत्रीत नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि लेखे असं आपण पाठ म्हणतो. लेखे नीट ठेवायचे ते बँकेच्या साहेबासाठी तर आहेतच, पण त्याहून जास्त एकमेकींच्या अब्रूसाठी आहेत.

आणि संशय पैशावर थांबला तरी नशीब. कोणाचं लेकरू आजारी पडलं, कोणाची गाय आटली, की एखाद्या एकट्या बाईकडे बोट दाखवून ‘तिनंच केलं’ म्हणणारे लोक असतात. कशावरून, असं त्या वेळी कोणीतरी विचारायला हवं असतं. आपल्या महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. एखाद्या बाईला करणी करणारी, चेटकीण ठरवून तिचा छळ करणं हा गुन्हा आहे. पण पोलीस येईपर्यंत गल्लीतला पहिला शब्द कोणीतरी काढलेला असतो. तो शब्द अडवायची ताकद शेजारणीतच असते.

ब्योमकेशची आणखी एक गोष्ट यासाठी मला फार आवडते, कोळ्याच्या विषारी रसाची. एक म्हातारा, आजारी, खोलीतून बाहेर न पडणारा. त्याला त्या रसाचं व्यसन आहे. घरचे लोक रात्रंदिवस पहारा देतात, तरी तो रस त्याच्यापर्यंत पोचतोच. कसा? या वेळी ब्योमकेश दुसऱ्या कामात गुंतलेला असतो, म्हणून तो अजितला पाठवतो. अजित सगळं पाहून येतो आणि सांगतो, आणि ब्योमकेश आपल्या जागेवरून, नुसतं ऐकून उत्तर काढतो. उत्तर तुम्ही स्वतः शोधा. मी फक्त अजितकडे लक्ष द्यायला सांगते. त्याला स्वतःला काही उमगलेलं नसतं. पण त्याने जे पाहिलं ते सगळं सांगितलं. खोलीत काय काय होतं, म्हातारा काय करत होता, टपालाने काय यायचं. हे बिनकामाचं, हे कामाचं, अशी निवड त्याने केली नाही.

आपण उलटं करतो. पाहिलेलं थोडं सांगतो आणि वाटलेलं जास्त. “ती बाई संध्याकाळी पेटीच्या खोलीत गेली” हे पाहिलेलं झालं. “ती चोरून गेली” हे वाटलेलं झालं. या दोन वाक्यांत एकाच शब्दाचा फरक आहे, पण त्या एका शब्दाने एखादीचं घर मोडू शकतं. आमच्या गटात आता कोणी असं बोललं की दुसरी लगेच विचारते, “पायलं का वाटलं?” पोरी तर याची मस्करी करतात. घरात दूध सांडलं आणि आई म्हणाली मांजरीनं सांडलं, की विचारतात, आई, पायलं का वाटलं?

या गोष्टींत सगळंच चांगलं आहे असंही नाही. त्या काळाच्या आहेत, पुरुषाने लिहिलेल्या आहेत. बाया कमी आहेत. ज्या आहेत त्या पुष्कळदा पडद्याआड रडतात, नाहीतर कोणाला तरी भुलवतात. ऐकताना आमच्या बाया चिडतात आणि चिडावंच. पण सत्यवती कशी येते ते पाहा. तिच्या भावाला, सुकुमारला, खुनाच्या आरोपात पकडलेलं असतं. सगळं त्याच्या विरुद्ध दिसत असतं. तेव्हा ही तरुण मुलगी ब्योमकेशसमोर उभी राहते आणि माझा भाऊ निर्दोष आहे म्हणून झगडते. पुढे ती ब्योमकेशची बायको होते. एका आजीने मोठी खरी गोष्ट विचारली होती, “भाऊ म्हणून तिले वाटलं. मग तेही वाटलेलंच झालं ना?” झालं. मायेपोटी निर्दोष ठरवणं आणि रागापोटी दोषी ठरवणं, दोन्ही वाटलेलंच. सत्यवतीचं मोठेपण एवढंच, की ती वाटण्यावर थांबली नाही. तिने शोध घ्यायला लावला.

आता तुमच्या गटात हे करायचं असेल तर कसं करायचं, ते थोडक्यात सांगते.

एक फोन आणि एक लहान स्पीकर पुरे. गोष्ट आधीच उतरवून घ्या, म्हणजे रेंज गेली तरी अडत नाही आणि नेटही वाचतं. पैसे भरून ऐकायचं असेल तर स्टोरीटेलसारखी ॲप आहेत. ते २०१७ पासून भारतात आहे आणि त्यावर मराठी पुस्तकं भरपूर मिळतात. फुकटातही पुष्कळ ऐकायला मिळतं. पैसे भरणार असाल तर महिना किती आणि कधी बंद करायचं, ते आधी नीट पाहून घ्या. आणि फोन जरी नसला, तरी गावातल्या वाचनालयातून पुस्तक आणा आणि शिकणाऱ्या पोरीला वाचायला बसवा. आपल्या घरातली पोर वाचते तेव्हा ऐकणाऱ्या आईच्या चेहऱ्यावर जे येतं, ते कुठल्याही ॲपमध्ये मिळत नाही.

बैठकीचं कामकाज संपल्यावर वीस मिनिटं ऐका, जास्त नाही. उत्तर यायच्या आधी गोष्ट थांबवा. मग प्रत्येकीने दोनच गोष्टी सांगायच्या. संशय कोणावर, आणि कशावरून. ज्यांना लिहिता येतं त्यांनी वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने पाडून ते लिहून ठेवायचं. कोणाला हसायचं नाही. पुढच्या बैठकीत उरलेली गोष्ट ऐकायची आणि वहीतलं वाचून दाखवायचं. महिन्या-दोन महिन्यांनी तीच गोष्ट पहिल्यापासून पुन्हा लावायची. या वेळी काम वेगळं. चिन्ह कुठे कुठे होतं ते पकडायचं, आणि ज्याच्यावर उगाच संशय घेतला त्याच्यात असं काय होतं, ते बोलायचं. नवा होता? गरीब होता? कमी बोलणारा होता? बाई होती? हे बोलणं गोष्टीतल्या माणसाबद्दल असतं, म्हणून कोणाला लागत नाही. पण ते आपल्याच गल्लीबद्दल चाललंय, हे सगळ्यांना कळतं.

शाळेत जाणाऱ्या मुलांनाही बसू द्या. फक्त खुनाचं वर्णन जास्त असलेली गोष्ट त्यांच्यासमोर लावू नका. मुलांचे कान आपल्याहून तिखट असतात. आमच्याकडे एका आठवीतल्या पोरीने डॉक्टरचं नाव दुसऱ्या नाही, पहिल्याच वेळी घेतलं होतं. कशावरून विचारलं तर म्हणाली, “तो सगळ्यांले सगळं विचारते, पण त्याले कोणीच काही विचारत नाई.”

येत्या बैठकीत एखादी गोष्ट लावून पाहा. वहीच्या मागच्या पानावर काय काय लिहून निघालं, ते आम्हाला जरूर कळवा. आता रजा घेते. नमस्कार.